सोनेरी कोटिंगचं इम्प्लांट: घ्यावं, पण कशासाठी?

खालची उजवी दाढ पायोरियामुळे गेली. त्या जागी मी जंतुरोधक कोटिंग असलेलं इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात, बसवून घेतलं. कॅप पक्की आहे, चावताना त्रास नाही, हिरडीतून रक्त येत नाही. कोणी विचारलं तर मी हेच घ्या म्हणेन. मात्र कंपनीच्या माहितीपत्रकात जे कारण छापलंय, त्यासाठी नाही.

त्यावर 'जंतूंपासून संपूर्ण संरक्षण' असं ठळक लिहिलं होतं. मला मधुमेह आहे, हिरड्यांचा आजारही होऊन गेलाय. इम्प्लांटभोवतीचं हाड झिजण्याचा धोका अशांनाच जास्त. म्हणून मी डॉक्टरांना विचारलं, "कोटिंग नेमकं कुठे आहे, आणि टिकतं किती?" त्यांनी नमुना हातात दिला. हाडात जाणारा स्क्रू करडा, बोटाला खरखरीत लागणारा. सोनेरी रंग फक्त वरच्या जोडभागावर, जो हिरडीतून वर येतो. "हे टायटॅनियम नायट्राइड आहे," डॉक्टर म्हणाले. "यात औषध नाही. थर कठीण आणि गुळगुळीत आहे, त्यामुळे जंतू कमी चिकटतात. पण ते मरत नाहीत, तेव्हा घासणं तुम्हाला चुकत नाही."

हा खुलासा मला माहितीपत्रकाहून कितीतरी मोलाचा वाटला. 'अँटिबॅक्टेरियल' या एकाच नावाखाली अगदी वेगवेगळ्या गोष्टी येतात. काही कोटिंगांतून चांदी, जस्त, क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक किंवा अँटिबायोटिक झिरपतं. सुरुवातीला भरपूर, मग कमी कमी, आणि शेवटी साठा संपतो. जखम भरत असताना त्याचा उपयोग होऊ शकतो, कारण धातूच्या पृष्ठभागावर आधी शरीराच्या पेशी पोचतात की जंतू, यावर बरंच ठरतं. संशोधक अँथनी ग्रिस्टिना यांनी १९८७ मध्ये याला पृष्ठभागासाठीची शर्यत म्हटलं होतं. पण हाड खाणारा आजार, पेरिइम्प्लांटायटिस, बऱ्याचदा काही वर्षांनी उपटतो. तोवर औषध कुठलं उरायला? शिवाय चांदीचं प्रमाण वाढवलं तर हाड तयार करणाऱ्या पेशींनाही ती बाधते. आणि कोटिंग कुठलंही असो, तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच त्यावर लाळेचा पातळ थर बसतो. जंतू चिकटतात ते या थराला.

हिरडीपाशी एवढी काळजी का, हेही डॉक्टरांनी कागदावर रेघा ओढून दाखवलं. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू घट्ट रुतलेले असतात. इम्प्लांटला ते नुसते लगटून उभे राहतात, मनगटाभोवती बाहीचा कफ असावा तसे. तिथून सूज आत उतरली की हाडापर्यंतची वाट सोपी. हाड खाली गेलं की खरखरीत आटे उघडे पडतात, आणि ते साफ करणं डॉक्टरांनाही जड जातं. सूज फक्त हिरडीत असेपर्यंत मागे फिरवता येते. गेलेलं हाड सहसा आपणहून परत येत नाही.

माझ्या मते या इम्प्लांटचा सगळ्यात मोठा गुण कोटिंगमध्ये नाही, कॅप बसवण्याच्या पद्धतीत आहे. कॅप सिमेंटने न चिकटवता स्क्रूने बसवली आहे. त्यामुळे हिरडीखाली सिमेंट अडकून राहण्याची भीती नाही. लॅबकडून पहिली कॅप बाजूंनी फुगीर आली होती. दिसायला झकास, पण दातांच्या फटीत घालायचा बारीक तारेचा इंटरडेंटल ब्रश खाली शिरेना. मी डॉक्टरांसमोरच आरशात बघत ब्रश घालून दाखवला, तार वाकली. त्यांनी लगेच स्क्रू सैल करून कॅप परत पाठवली. दुसरी आली ती खालून निमुळती. आता ब्रश दोन्ही बाजूंनी सरळ आरपार जातो. डॉक्टरांना माझे पूर्ण गुण इथे.

कॅप बसली त्याच दिवशी एक्स-रे काढून त्यांनी मला प्रत दिली. ती सांभाळून ठेवा. पहिल्या वर्षात हाडाची कड थोडी खाली सरकते, ते अपेक्षितच असतं. त्यापुढे किती सरकली ते याच एक्स-रेशी ताडून कळतं. जुना एक्स-रे नसेल तर हिरड्यांच्या आणि इम्प्लांटभोवतीच्या आजारांवरच्या २०१७ च्या जागतिक कार्यशाळेत ठरलेल्या निकषांनुसार रक्त किंवा पू, हिरडी आणि इम्प्लांटमध्ये ६ मिमी किंवा अधिक खोल खिसा (फट) आणि ३ मिमी किंवा अधिक खाली गेलेलं हाड दिसल्यावर पेरिइम्प्लांटायटिसचं निदान होतं. मधुमेहाच्या माणसाने तिथवर थांबू नये असं मला मनापासून वाटतं.

तक्रार एकच, आणि ती कंपनीकडे आहे. कोटिंग फक्त जोडभागावर आहे, ते जंतू मारत नाही, हे माहितीपत्रकात कुठेही नाही. सफाईबद्दलही अवाक्षर नाही. स्टीलच्या हत्याराने खरवडलं तर या थरावर चरे पडू शकतात, आणि चरे पडलेल्या जागी जंतूंना आसरा मिळतो. मी दर वेळी खुर्चीत बसण्याआधीच सांगते, की इथे प्लॅस्टिकचं किंवा टायटॅनियमचं हत्यार वापरा, नाहीतर बारीक पावडरचा फवारा. नव्या असिस्टंटला हे ठाऊक असेलच असं नाही, म्हणून माझ्या केसपेपरवर लाल शाईने लिहून घेतलंय.