पडद्यावरचा तो पाच

आम्ही गो खेळत होतो, पटावर काळे-पांढरे खडे ठेवून जागा घेरायचा खेळ. दोघांच्याही पहिल्या दहा-बारा चाली झाल्या असतील. कोपरे वाटून झाले होते, अजून कुणी कुणाच्या अंगावर गेलं नव्हतं. समोर बसलेल्या मित्राने वाटीतला खडा उचलायच्या ऐवजी मान वाकडी करून घड्याळाकडे पाहिलं. म्हणाला, "अगं, तुझा वेळ वाढतोय."

मी हसले. दोघांनाही दहा-दहा मिनिटं लावली होती, ती कमीच होत जायची, वाढतील कशी? पाहते तर माझ्या बाजूला तेरा मिनिटं चौदा सेकंद. त्याच्या बाजूला साडेबारा.

घड्याळ नवंकोरं होतं आणि खास गोसाठी म्हणून घेतलेलं. जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं: जपानी ब्योयोमी, पाच पिरियड. त्या क्षणी कळलं की मला टोपी घातली गेली आहे. घड्याळ बंद पडलं असतं तर बरं झालं असतं, कारण बंद घड्याळ परत घेतात. हे तर अगदी टकाटक चालत होतं. सगळी गोम तिथेच होती.

ज्यांनी गो नुकताच सुरू केलाय त्यांच्यासाठी सांगते. ब्योयोमी म्हणजे शब्दशः सेकंद वाचून दाखवणं. व्यावसायिक सामन्यात पटाशेजारी बसलेला माणूस ते मोठ्याने मोजतो. आपल्याकडे असा माणूस नसतो, त्याचं काम घड्याळाने करायचं. मुख्य वेळ संपला की हातात, समजा, ३० सेकंदांचे ५ पिरियड येतात. चाल २९ सेकंदांत केली तर पुढच्या चालीला पुन्हा पूर्ण ३० मिळतात आणि पिरियड पाचच राहतात. दोन सेकंदांत केली तरीही ३०च. उरलेले अठ्ठावीस गेले, ते साठत नाहीत. आणि ३० ओलांडले तर लगेच हरत नाही. पाचाचे चार होतात आणि मोजणी नव्याने सुरू होते. शेवटचा पिरियड गेला की मग खेळ खलास.

माझं घड्याळ करत होतं ते वेगळंच. ते प्रत्येक चालीनंतर ३० सेकंद जमा करत होतं, तेही पहिल्या चालीपासून. ही पद्धत बुद्धिबळाचा जगज्जेता बॉबी फिशर याची. त्याने १९८९ साली अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं आणि १९९२ च्या स्पास्कीविरुद्धच्या सामन्यात ती वापरलीही. बुद्धिबळात आज ती सर्रास चालते, युरोपातल्या काही गो स्पर्धांतही असते. पद्धतीत खोट नाही, पण ती ब्योयोमी नव्हे. गोच्या डावात दोघांच्या मिळून दोन-अडीचशे चाली सहज होतात आणि शेवटी शेवटी तर कितीतरी चाली ठरलेल्याच असतात: त्याने अतारी दिली, म्हणजे पुढच्या चालीत माझा खडा मारायची धमकी, मी जोडलं. अशी प्रत्येक चाल एका सेकंदात करून फिशरमध्ये २९ सेकंद गल्ल्यात पडतात, ब्योयोमीत शून्य. एकाची सवय करून दुसऱ्यात स्पर्धा खेळायला बसलात तर नेमकं कठीण जागी घोडं पेंड खातं. मी घड्याळ घेतलं होतं ते स्पर्धेच्या सरावासाठीच.

आता मी गंडले कशी ते. जाहिरातीत एक फोटो होता, घड्याळाच्या पडद्याचा अगदी जवळून घेतलेला. डावीकडे ०:३०, उजवीकडे ०:३०, आणि मधे खाली एक छोटासा ५. मी तो फोटो मोठा करकरून पाहिला होता. ३० सेकंद, ५ पिरियड, अजून काय हवं? लगेच ऑर्डर केली.

घड्याळ हातात आल्यावर, म्हणजे त्या तेरा मिनिटांच्या प्रकारानंतर, पटावर खडे तसेच ठेवून आम्ही दोघं मॅन्युअल घेऊन बसलो. चारदा घडी घातलेला एक पातळ कागद, अक्षरं मुंगीएवढी. मोडचं बटण दाबलं की मधला आकडा बदलायचा. १, २, ३, ४, ५. एक म्हणजे नुसता उलटा वेळ. दोन, तीन, चार म्हणजे त्याचेच ठरावीक अवतार. पाच म्हणजे ‘बोनस’. तो पाच म्हणजे पिरियड नव्हते, मोडचा नंबर होता. फोटोत कुठेही खोटं नव्हतं. खोटं शेजारी लिहिलेल्या ओळीत होतं, आणि ती ओळ वाचून मी फोटोत मला हवं ते पाहिलं. मित्र कागद उलटून पाहत म्हणाला, "यात ब्योयोमी हा शब्दच नाहीये." खरंच नव्हता.

विक्रेत्याला लिहिलं. उत्तर आलं: "मॅडम, ब्योयोमी म्हणजे चालीमागे जादा सेकंद. ती सोय आहे. शिवाय सील तोडलेलं आहे." म्हणून खरेदीच्या साइटवरच्या मदत कक्षाकडे गेले. तो संवाद जवळपास शब्दशः असा झाला:

"वस्तू चालू होते का?"

"हो."

"तुटलेली आहे का?"

"नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"वेळ वाढतो."

थोडा वेळ शांतता. मग, "म्हणजे घड्याळ पुढे जातं का?"

त्या मुलाचा दोष नाही. त्याने बिचाऱ्याने गो कधी पाहिलाही नसेल. पण विक्रेत्याचा सगळा धंदा याच्यावरच उभा होता. ज्याच्याकडे दाद मागायची त्याला फरक कळत नाही, आणि ज्याला कळतो त्याने सील तोडलेलं असतं. सील न तोडता ब्योयोमी तपासणार तरी कशी?

वर आणखी एक चूक माझीच. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढला नव्हता. तक्रारीसाठी पान पुन्हा उघडलं तर ‘जपानी ब्योयोमी, पाच पिरियड’च्या जागी ‘पाच मोड’ असं आलेलं. ऑर्डरच्या मेलमध्ये वस्तूचं नाव काय होतं? ‘डिजिटल गेम क्लॉक’. बस. पैसे मिळाले नाहीत.

मागे वळून पाहिलं तर खुणा होत्या. मॉडेल नंबर कुठेच नव्हता. रिव्ह्यू भरपूर आणि पाच चांदण्यांचे, पण सगळे बुद्धिबळवाल्यांचे. त्यांच्यासाठी घड्याळ चांगलंच होतं, त्यांनी खोटं काहीच लिहिलं नाही. वर्णनात ‘गो, शोगी, बुद्धिबळ, सगळ्या खेळांसाठी’ असं होतं (शोगी म्हणजे जपानी बुद्धिबळ). सगळ्यांसाठी म्हटलं की आता माझे कान टवकारतात.

कंपनीचं नाव मोठं असलं की झालं असंही नाही. डीजीटी ही या धंद्यातली नावाजलेली डच कंपनी. तिच्या ३००० या मॉडेलमध्ये ब्योयोमी आहे, १००१ मध्ये नाही, कारण ते मुळात साधा वेळ मोजण्यापुरतंच बनवलंय. कंपनी यात काही लपवत नाही. पण जुनं घड्याळ विकणारा नुसतं ‘डीजीटी, गोसाठी उत्तम’ लिहून मोकळा होतो. नंबर विचारा आणि त्या नंबरचं मॅन्युअल पैसे देण्याआधी उतरवून वाचा. त्यात ब्योयोमी सापडली तरी पुढची ओळ बघा: पिरियड किती लावता येतात? काही घड्याळांत एकच पिरियड असतो, म्हणजे एकदा ३० ओलांडले की संपलं. कॅनडियन प्रकार आणखी वेगळा. त्यात, समजा, १० मिनिटांत २५ खडे खेळायचे असतात. पंचवीस मोजून बाहेर काढायचे, वाटीला झाकण लावायचं, ते संपले की पुन्हा दहा मिनिटं. तो जुन्या चावीच्या घड्याळावरही जमतो, काटा दहा मिनिटं मागे घेतला की झालं. जपानी पद्धत चावीच्या घड्याळावर जमत नाही, दर चालीला काटा कोण फिरवणार?

मी आता विक्रेत्याला ‘ब्योयोमी आहे का?’ असं विचारतच नाही. त्याला सगळे हो म्हणतात. मी व्हिडिओ मागते. मुख्य वेळ एक मिनिट लावा, ३० सेकंदांचे ५ पिरियड लावा, आणि घड्याळाला हात न लावता दोन मिनिटं चित्रण करा. मिनिट संपल्यावर ३० दिसले पाहिजेत, ते शून्यावर आले की पुन्हा ३० आणि पाचाचे चार. मग बटण दाबून दुसरी बाजू चालू करा, पुन्हा पहिल्या बाजूवर या, आणि तिथे बरोबर ३०च दिसतात की जास्त, ते दाखवा. तिघांना असं विचारलं. एकाने उत्तरच दिलं नाही, एकाने ‘मॅडम तुम्हाला घ्यायचंय की नाही’ असं विचारलं, तिसऱ्याने निमूटपणे व्हिडिओ पाठवला. घड्याळ जुनं होतं, कडेला ओरखडे होते. तेच घेतलं. शेवटच्या सेकंदांना बीप देतं, पॉझ आहे, त्यामुळे मेलेल्या, म्हणजे आता वाचू न शकणाऱ्या, खड्यांवरून वाद निघाला की थांबवता येतं.

ते येईपर्यंत आम्ही फोनवरच्या अ‍ॅपवर खेळलो. फुकटचं अ‍ॅप, पिरियड अचूक मोजायचं. फक्त ऐन को-च्या, म्हणजे एकमेकांचा एकेक खडा आळीपाळीने मारायच्या, मारामारीत मित्राच्या आईचा फोन आला आणि त्याचे दोन पिरियड गेले.

पहिलं घड्याळ भाचा घेऊन गेला. तो बुद्धिबळ खेळतो, जाम खूश आहे.

परवा सहज ती जाहिरात पाहिली. मजकूर बदललेला, फोटो तोच, मधे खाली तोच छोटासा ५. खाली कुणीतरी प्रश्न टाकला होता: "पाच पिरियड येतात ना?" विक्रेत्याचं उत्तर: "हो." मी त्याखाली लिहिलं, तो मोडचा नंबर आहे, घेण्याआधी व्हिडिओ मागा. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर माझी ओळ नव्हती. प्रश्न होता, आणि ‘हो’ होतं.