न्यू जर्सीत कॉलेज बास्केटबॉल: पूर्ण सीझन पाहिल्यानंतरचा खर्चाचा हिशेब

एडिसन-पिस्कॅटवे पट्ट्यात राहणाऱ्यांना कॉलेज बास्केटबॉल अगदी दाराशी आहे. बिग टेन या लीगमधलं रटगर्स विद्यापीठ पिस्कॅटवेतच, बिग ईस्ट लीगमधलं सेटन हॉल न्यूअर्कला खेळतं आणि आयव्ही लीगमधलं प्रिन्स्टन दक्षिणेला. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून मार्चपर्यंत हे तिन्ही आळीपाळीने पाहिले, की एक गोष्ट पक्की कळते: खर्च कुठल्या रांगेत बसता यावर थोडाच ठरतो. समोर कोण आहे आणि वार कोणता, यावर जास्त ठरतो.

रटगर्सचं जर्सी माइक्स अरीना १९७७ सालचं, जुने लोक अजून त्याला 'रॅक'च म्हणतात. क्षमता फक्त ८,०००. इमारत वर निमुळती होत जाते, त्यामुळे आवाज आतच घुमतो आणि वरच्या रांगेतूनही कोर्ट जवळ वाटतं. म्हणून इथे खालच्या रांगांसाठी दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ नाही. बाजूच्या मधल्या विभागातली वरची रांग घ्यावी. बास्केटच्या मागची खालची सीट महाग असूनही खेळाची मांडणी तिथून नीट दिसत नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लहान कॉलेजं पाहुणी म्हणून येतात. मंगळवारी किंवा बुधवारी संध्याकाळी अशा गेमचं रीसेल तिकीट (आधी घेतलेल्याने अ‍ॅपवर परत विकायला काढलेलं) पुष्कळदा दहा-वीस डॉलरमध्ये मिळून जातं. तेच जानेवारी-फेब्रुवारीत शनिवारी पर्ड्यू, मिशिगन स्टेट किंवा इंडियाना आले, की त्याच सीटला त्याच्या कितीतरी पट पैसे पडतात. कारण साधं आहे. या विद्यापीठांचे माजी विद्यार्थी न्यू यॉर्क-न्यू जर्सीत भरपूर आहेत (पर्ड्यूचे भारतीय इंजिनिअर तर विचारू नका) आणि आपला संघ जवळ आला की ते पाहुण्या संघासाठी तिकिटं उचलतात. ऑगस्ट २०२४मध्ये यूसीएलए, यूएससी, ओरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनमध्ये आल्यापासून लीगचे १८ संघ झाले. प्रत्येक संघाच्या लीगमधल्या २० गेमपैकी १० घरच्या मैदानावर होतात, आणि कोण कोण घरी येणार हे दरवर्षी बदलतं. त्यामुळे वेळापत्रक जाहीर होण्याआधी सीझनच्या खर्चाचा अंदाज बांधू नये.

रीसेलचं तंत्र असं. साध्या गेमचं तिकीट आधी घेऊ नका. गेमच्या दिवशी दुपारनंतर स्क्रीनवर बघत राहिलं, तर भाव पायरी-पायरीने उतरताना दिसतात. ज्यांना जायचं नाही ते विक्रेते मिळेल त्या किमतीला सोडू लागतात, आणि गेम सुरू होण्याच्या आधीच्या एक-दीड तासात सगळ्यात मोठी घसरण होते. बर्फाचा अंदाज असेल त्या दिवशी तर भाव कोसळतात. गेम सहसा रद्द होत नाही, फक्त लोक घराबाहेर पडत नाहीत. हे मोठ्या गेमला मात्र लागू नाही. तिथे शेवटच्या तासात चार एकत्र सीट शिल्लकच राहत नाहीत. दोन-दोनच्या जोड्या वेगवेगळ्या विभागांत मिळतात आणि मुलांसोबत असाल तर अडकायला होतं. चौघांचं कुटुंब असेल तर मोठ्या गेमची तिकिटं आठवडाभर आधी घ्यावीत.

१२ मे २०२५पासून अमेरिकेत तिकिटाची किंमत सगळ्या फीसकट आधीच दाखवणं बंधनकारक झालं, तेव्हापासून तुलना करणं सोपं झालं आहे. तरी एकच विभाग आणि एकच रांग घेऊन दोन-तीन अ‍ॅपवरची शेवटची रक्कम ताडून पाहा. फरक हमखास निघतो.

आता सीझन तिकिटाबद्दल (घरच्या सगळ्या गेमचं एकत्र तिकीट), कारण बहुतेकांचे पैसे इथेच जातात. गणितासाठी काही आकडे धरू: एका सीटचे ६५० डॉलर, त्यावर कॉलेजच्या क्रीडा निधीला 'सीट डोनेशन' १५०, घरचे १७ गेम. म्हणजे गेममागे ४७ डॉलर. तेच गेम सुटे घेतले तर? सात हलके गेम १५ने १०५, सहा मधले ४०ने २४०, चार मोठे ९०ने ३६०. एकूण ७०५. सतराच्या सतरा गेमना गेलात तरी सीझन तिकीट महाग पडलं. आणि नोकरी, मुलांची शाळा, डिसेंबरची भारतवारी यांत प्रत्यक्षात नऊ-दहाच गेम होतात. न गेलेल्या गेमचं तिकीट विकायला काढलं, तर हलक्या गेमला गिऱ्हाईक मिळत नाही आणि मिळालं तरी अ‍ॅप विक्रेत्याकडून आपला वाटा कापून घेतं. तीन मोठे, चार मधले, तीन हलके असे दहा गेम सुटे घेतले तर याच भावाने ४७५ डॉलरमध्ये काम होतं.

हे गणित उलटंही फिरतं. २०२४-२५मध्ये डिलन हार्पर आणि एस बेली हे पहिल्या वर्षाचे दोन खेळाडू रटगर्सकडे होते. पुढे २०२५च्या एनबीए ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत) ते दुसऱ्या आणि पाचव्या क्रमांकावर गेले. असं वर्ष असेल तर हलक्या गेमलाही भाव येतो आणि आधी घेतलेलं सीझन तिकीट स्वस्तात पडतं. शिवाय पोस्ट-सीझनच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) तिकिटांत सीझनवाल्यांना प्राधान्य असतं. दरवर्षी मार्चमध्ये संघामागे प्रवास करणाऱ्यांसाठी त्याला नक्कीच किंमत आहे.

सीट डोनेशनबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'देणगीच आहे, टॅक्समध्ये वजा होईल' असं सर्रास सांगितलं जातं. २०१७पर्यंत अशा देणगीचा ८० टक्के भाग वजा करता यायचा. २०१८पासून तिकिटाच्या हक्काशी जोडलेली देणगी अजिबात वजा होत नाही. ती रक्कम तिकिटाची किंमत म्हणूनच धरा. आणि किमती खाली येतील अशी आशा धरू नका. जून २०२५मध्ये मंजूर झालेल्या 'हाउस' समझोत्यानुसार (खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या खटल्यातला तोडगा) त्यात सहभागी झालेल्या कॉलेजांना २०२५-२६साठी खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट देण्याची मुभा मिळाली. हा पैसा उभा करायचा तर तिकिटं आणि देणग्या या वाटा कॉलेजांच्या हाताशीच आहेत. टेनेसी विद्यापीठाने तर आपल्या फुटबॉलच्या तिकिटांवर १० टक्के 'टॅलेंट फी' उघडपणे लावली.

तिकिटाबाहेरचा खर्च सांभाळणं त्यामानाने सोपं. कॅम्पसवर गेमच्या दिवशी पार्किंगला पैसे लागू शकतात, आणि ते आधी ऑनलाइन घेतलं तर बरं पडतं. एका गाडीत चौघं बसले की माणशी भार हलका होतो. न्यूअर्कला मात्र गाडी नेऊच नये. सेटन हॉल ज्या प्रुडेन्शिअल सेंटरमध्ये खेळतं, ते न्यूअर्क पेन स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर आहे आणि एडिसनहून थेट ट्रेन आहे. परतीच्या गाड्या रात्री विरळ होतात, तेवढ्या वेळा आधी बघून ठेवा. गेम साधारण सव्वादोन तास चालतो. ओव्हरटाइम झाला तर वेळ आणखी वाढते.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही. एडिसनच्या ओक ट्री रोडवर (भारतीय हॉटेलांचा रस्ता) पोटभर खाऊन निघालं, तर आत फक्त पाणी आणि पॉपकॉर्नवर भागतं. आत खायचंच असेल तर हाफटाइमची पंधरा मिनिटं टाळा, तेव्हा रांगेतच दुसरा हाफ सुरू होतो. पुरुषांच्या गेममध्ये प्रत्येक हाफला घड्याळात १६, १२, ८ आणि ४ मिनिटं उरली की, त्यानंतरच्या पहिल्या थांब्याला टीव्हीसाठी ब्रेक घेतात. पहिल्या हाफच्या आठच्या ब्रेकला उठलं, तर काउंटर मोकळा असतो.

दारावर दोन गोष्टींत लोक अडकतात. पहिली बॅग: १२ × ६ × १२ इंचांपर्यंतची पारदर्शक पिशवी किंवा तळहाताएवढा क्लच हा सगळीकडचा सर्वसाधारण नियम. मुलांची शाळेची बॅग घेऊन आलेले पुन्हा गाडीकडे पळताना दर गेमला दिसतात. दुसरी गोष्ट फोनवरचं तिकीट. पुष्कळ ठिकाणी बारकोडवर एक रेघ सारखी सरकत असते आणि कोड काही सेकंदांनी बदलतो, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला स्क्रीनशॉट स्कॅनर घेत नाही. दारापाशी हजारो फोन एकदम नेटवर्क मागत असतात, म्हणून घरूनच तिकीट फोनच्या वॉलेटमध्ये टाकून ठेवा. वेगवेगळे येणार असाल तर ज्याचं त्याला ट्रान्सफर करा.

कमी पैशांत सगळ्यात जास्त बास्केटबॉल हवं असेल तर दोन जागा. एक, रटगर्सचा महिलांचा संघ. तेच अरीना, तीच लीग, तिकीट कितीतरी स्वस्त, आणि मुलांना पुढच्या रांगेत बसवता येतं. अपवाद मोठ्या नावांचा: आयोवाची केटलिन क्लार्क जानेवारी २०२४मध्ये इथे आली तेव्हा पूर्ण हॉल भरला होता. दुसरी जागा प्रिन्स्टनचं जॅडविन जिम. पंधरा-वीस डॉलरच्या आसपास चांगली सीट मिळते, गर्दीचा ताण नाही, आणि खेळ उत्तम. याच संघाने २०२३मध्ये गटातल्या १६ संघांत १५वं मानांकन असताना अ‍ॅरिझोना आणि मिसूरीला हरवून 'स्वीट सिक्स्टीन' (राष्ट्रीय स्पर्धेतले शेवटचे सोळा संघ) गाठली होती. आयव्ही लीगमध्ये घरचे लीग गेम सातच असतात, ते आधी कॅलेंडरवर टाका.

रटगर्स आणि सेटन हॉल यांची आपसातली गेम सहसा डिसेंबरमध्ये असते आणि यजमानपद आलटून पालटून येतं. ती न्यूअर्कला असेल त्या वर्षी घ्या, तिथलं सभागृह मोठं असल्याने सीट मिळण्याची शक्यता जास्त.

सीझन तिकीट घेतलंच असेल, तर सीझन संपल्यावर येणाऱ्या मेलकडे लक्ष ठेवा. कितीतरी ठिकाणी नूतनीकरण आपोआप होतं आणि हप्ता जुन्याच कार्डवर पडतो. रद्द करायची शेवटची तारीख त्याच मेलमध्ये खाली बारीक अक्षरात असते.