कारवान कुत्र्यांना कच्चं मांस: जतच्या माळावरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाला मी माझ्या दोन कारवान, म्हणजे आपल्याकडच्या सडपातळ शिकारी जातीच्या, कुत्र्यांना कच्च्या मांसाच्या खुराकावर घातलं. आता बेदाण्याचा हंगाम संपत आलाय. मधल्या काळात बरेच जण विचारून गेले, काही फोनवर, काही थेट मळ्यात येऊन. म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. फायदा झाला आणि हाच खुराक मी पुढंही चालू ठेवणार आहे. पण धनगरवाड्यावर किंवा खाटकाच्या दुकानामागं कुत्र्यांना जसं कच्चं टाकलं जातं, तसं कृपा करून कुणी करू नका. त्याचं कारण पुढं येईल, आणि बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं वाचा.

तांब्या नर आहे, सव्वीसेक किलोचा. बिजली बावीसच्या आसपास. दोघांचं काम राखणीचं. रात्री द्राक्षबागेत रानडुकरं शिरतात, ठिबकच्या नळ्या उचकटतात. शेळ्यांच्या गोठ्याभोवती कोल्हा फिरतो, एखाद्या वर्षी लांडगाही येतो. कुत्र्यांनी हुसकावून लावायचं, धरायचं नाही, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे आणि ते योग्यच आहे. तरी रात्रभर बांधावरून पळणं म्हणजे अंगमेहनत आहेच.

आधीचा खुराक आपल्याकडं सगळीकडं असतो तोच. बाजरीची भाकरी, ताक, दूध, उरलंसुरलं कालवण आणि आठवड्यातून कधीतरी हाडकं. त्याला मी नावं ठेवणार नाही. आपल्या भागातली कारवान पिढ्यान् पिढ्या भाकरीवरच धावली. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की कुत्र्यात पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत. माणसाच्या उंबऱ्यावर राहून त्याला भाकरी पचायला लागली. पण हिवाळ्यात बागेत माल असताना रात्रीचं पळणं वाढलं की दोघं अंग धरत नव्हती. भाकरी वाढवली की शेण वाढायचं, अंगाला काही लागायचं नाही.

आता प्रत्यक्ष काय देतो ते. वजनाच्या अडीच टक्के हा माझा हिशोब, म्हणजे तांब्याला दिवसाला साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास. पळापळीच्या दिवसांत तीन टक्क्यांपर्यंत नेतो. साधारण ऐंशी टक्के मांस, दहा टक्के खाता येईल असं हाड आणि दहा टक्के आतले अवयव, त्यातली निम्मी कलेजी. हाड हा यातला कणा आहे. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच. महिनोन् महिने फक्त बोटी घातली तर शरीर स्वतःच्या हाडातून कॅल्शियम काढायला लागतं. उलट बाजूनं, हाड जास्त झालं की शेण खडूसारखं पांढरं होतं आणि कुत्रं कुंथत बसतं. कोंबडीच्या पायात निम्म्याहून जास्त हाडच असतं, म्हणून पाय रोज एखाद-दुसराच. बाकी मान, पाठीचा सांगाडा, हृदय, पोटा आणि मांस. कलेजीही हात राखूनच घालायची, तिच्यात जीवनसत्त्व अ इतकं असतं की रोज वाटी-वाटी दिली तर अंगावर येतं.

हा बदल एका रात्रीत करायचा नाही. सुरुवातीला फक्त कोंबडी, तीही थोडी, आणि बाकी नेहमीची भाकरी. पोट बसलं की पुढचं पाऊल. भाकरी मी आजही पूर्ण बंद केलेली नाही. सकाळी ताकात कुस्करलेली अर्धी भाकरी असते. मांस संध्याकाळी पाचच्या सुमारास देतो आणि त्यानंतर दोन-अडीच तास दोघं साखळीला. कारवानची छाती खोल आणि पोट आत ओढलेलं, अशा बांध्याच्या कुत्र्यांत भरल्या पोटी पळून पोट फुगण्याचा, पिळा पडण्याचा धोका जास्त असतो. पिळा पडला तर काही तासांत कुत्रं जातं. धावून आल्यावर लगेचही खायला देत नाही, धाप पूर्ण बसेपर्यंत थांबतो.

तांब्या खायला बसला की बघण्यासारखा असतो. कोंबडीची मान तोंडात घेऊन आधी बाजूला जातो, मग कोपरांवर बसून पुढच्या दोन पंजांत धरतो, डोकं तिरकं करतो आणि मागच्या दाढेखाली घेतो. कचकच असा ओला आवाज येतो. दोन-तीनदा दाढ बदलतो, मगच गिळतो. बिजली हावरी. पहिल्या आठवड्यात तिनं मान अख्खी गिळायचा प्रयत्न केला, तेव्हापासून कोंबडीची मान मी हातात धरून तिला चावायला लावतो, नाहीतर सांगाड्याचा मोठा तुकडा देतो, म्हणजे गिळताच येत नाही. बोकडाच्या किंवा म्हशीच्या नळ्या मात्र देत नाही. ते हाड वजन पेलणारं, दगडासारखं. त्यावर वरची मोठी दाढ चिरली की गावात इलाज नाही. शिजवलेलं हाड तर अजिबात नाही, शिजल्यावर ते ठिसूळ होतं आणि त्याची टोकदार कुसळं आतडं फाडू शकतात. आपल्या ताटातली हाडं कुत्र्याला टाकायची सवय मोडा, असं घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.

फरक काय पडला? शेण निम्म्यावर आलं, घट्ट आणि वास कमी. दोन-तीन महिन्यांत केसाला चमक आली. दाढांवरची पिवळी कीट बरीच गेली. आणि मुख्य म्हणजे यंदाच्या हिवाळ्यात मांडीचा, पाठीचा मांसल भाग टिकून राहिला. पहाटे परत येणारं कुत्रं पाय ओढत येत नव्हतं.

फरक न पडलेल्या गोष्टीही आहेत. गोचीड तेवढीच. कच्चं मांस खाल्लं की गोचिडीचा ताप होत नाही असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका, औषध लावावंच लागतं. रक्ताच्या तपासणीत युरिया किंचित वर आला. मांसावरच्या कुत्र्यात तसं दिसतं, पण तपासणाऱ्या डॉक्टरांना खुराक आधीच सांगितला पाहिजे, नाहीतर किडनीची शंका घेतली जाते. शेजारच्या मळ्यातल्या म्हाताऱ्या, स्थूल कुत्रीला हा खुराक मी घालू दिला नाही. अशा कुत्र्याला चरबीचं मांस एकदम घातलं तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

साठवणुकीचा प्रश्न आमच्याकडं मोठा. आई माळकरी, त्यामुळं घरातल्या फ्रीजचा विषयच नाही. शेडवर जुना डीप फ्रीझर घेऊन ठेवलाय. उन्हाळ्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. त्यावर एक साधी युक्ती आहे. वाटीभर पाणी गोठवून वर रुपयाचं नाणं ठेवायचं. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं की समजायचं, आपण नसताना मधे लाईट बराच वेळ गेली होती आणि माल सुटून पुन्हा गोठलाय. तसा माल कच्चा देत नाही. हाडं काढून बोटी शिजवतो आणि भाकरीत घालतो. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून टाकली की थंडी जास्त टिकते. फ्रीझरनं जिवाणू मरत नाहीत हेही लक्षात ठेवा. साल्मोनेला बर्फात निवांत बसतो आणि बाहेर काढल्यावर पुन्हा वाढतो. कुत्र्याला काही न होता तो त्याच्या शेणातून बाहेर पडतो. म्हणून कुत्र्यांची भांडी वेगळी, फरशीचा तेवढा तुकडा गरम पाण्यानं धुवायचा, हात साबणानं, आणि लहान पोरांना खाण्याच्या वेळी तिकडं फिरकू द्यायचं नाही.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसलो ते. मेंढी किंवा शेळी कापली की कलेजीत, फोफशात कधीकधी पाण्यानं भरलेली पांढरट गाठ दिसते. खाटीक ती कापून बाजूला टाकतो आणि खाली बसलेलं कुत्रं ती उचलतं. जत्रांच्या दिवसांत हे जागोजागी दिसतं. त्या गाठीत एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीची पुढची पिढी असते. कुत्र्याच्या आतड्यात सहा-सात आठवड्यांत त्याचे पूर्ण जंत होतात. एकेक जंत २ ते ७ मिलिमीटरचा, त्यामुळं शेणात नजरेला पडत नाही, आणि कुत्रं अगदी ठणठणीत असतं. अंडी शेणातून गवतावर, पाण्यात, कुत्र्याच्या केसांत जातात. ती मेंढीनं खाल्ली की मेंढीत गाठ. माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या लिव्हरमध्ये नाहीतर फुफ्फुसात गाठ, जी वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहते. यालाच हायडॅटिड म्हणतात. गाठ आतच फुटली तर जिवावरचा झटका येऊ शकतो.

आमच्या पाहुण्यांतल्या एका बाईंचं मिरजेत याच गाठीचं ऑपरेशन झालं. सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं, वाड्यावर तीन-चार कुत्री कायम. कुत्रं त्यांना कधी चावलं नाही, त्यांनी कुत्र्याला कधी मांस घातलं नाही. ज्या हातानं कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवायचा त्याच हातानं भाकरी मोडायची, एवढं पुरतं. मला हे बघून फार वाईट वाटलं, कारण हा आजार तोडणं अवघड नाही.

माझ्याकडं शेळी-मेंढीचं फक्त मांस आणि बरगड्या कच्च्या जातात. कलेजी, फोफसा, गुर्दे, तिल्ली कच्ची कधीच नाही, द्यायचीच तर अर्धा तास उकळून. कच्ची कलेजी लागते ती कोंबडीची वापरतो, या जंताचं चक्र कोंबडीतून फिरत नाही. मुंडीही कच्ची नको. मेंढी मान वाकडी करून एकाच जागी गोल फिरायला लागते, तो रोगही कुत्र्यातल्याच दुसऱ्या एका पट्टकृमीचा. मेंढीच्या मेंदूत त्याची गाठ होते, आणि ती मुंडी कुत्र्यानं खाल्ली की चक्र पुन्हा सुरू. गाठ दिसलेला अवयव जाळायचा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतका खोल पुरायचा. आणि दर सहा आठवड्यांनी पट्टकृमी मारणाऱ्या प्राझिक्वांटेल औषधाची गोळी, किलोला ५ मिलिग्रॅमच्या हिशोबानं, डॉक्टरांना विचारून. मेंढरांना पाजायच्या जंताच्या बाटलीतलं औषध कुत्र्याला थोडं पाजून हे भागत नाही. गोळीनं जंत मरतात, अंडी मरत नाहीत, म्हणून गोळीनंतर दोन दिवस शेण गोळा करून पुरतो. मेहुण्यांच्या वाड्यावरच्या कुत्र्यांनाही आता मीच गोळ्या पोचवतो. पहिल्यांदा ते म्हणाले, "दाजी, कुत्र्याला कसली गोळी? ते काय आजारी हाय?" पाहुण्या बाईंचे रिपोर्ट दाखवल्यावर काही बोलले नाहीत. पुढच्या वेळी गोळ्या त्यांनीच मागून घेतल्या.

कोंबडीचाही एक धोका आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं गेले. आसपास कोंबड्या मरत असल्याची नुसती कुणकुण लागली तरी मी कच्ची कोंबडी बंद करतो. मेलेली कोंबडी पोल्ट्रीवाला फुकट देतो म्हणून आणणं तर कधीच नाही.

मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून "निव्वळ मांसच पाहिजे" म्हणणारे बरेच भेटतात. तिकडं बिळातले ससे काढायला फेरेट पाळतात. दिसायला मुंगसासारखा, पण कुळ आपल्या कृष्णेतल्या पाणमांजराचं. त्याचं आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर, त्यामुळं त्याला मांसच लागतं आणि तेही थोडं थोडं, सारखं. त्याचा नियम कुत्र्याला लावायचं कारण नाही.

कच्चं खाऊन कुत्रं शेळ्या धरतं, माणसावर जातं, असं गावात ठामपणे म्हणतात. माझी दोघं आजही शेळ्यांच्या करडांत झोपतात. मात्र हाडापाशी बिजली गुरगुरते, पूर्वी भाकरीवर गुरगुरत नव्हती. म्हणून दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यात खायला देतो आणि संपेपर्यंत मधे कुणी जात नाही.

खर्च दोघांचा मिळून महिन्याला अडीच-तीन हजार, तोही दुकानदाराशी कायमचं ठरवून मान, सांगाडे, हृदय घेतलं म्हणून. तयार पोत्यातलं बऱ्यापैकी खाद्य याच्या दुप्पट पडलं असतं. पण फ्रीझरचं बिल, सकाळची तुकडे करण्याची मेहनत आणि गोळ्या धरल्या तर फरक बराच कमी होतो.

बिजली आता गाभण आहे. पिल्लांना हा खुराक देणार का, असं विचारणारे आत्ताच सुरू झालेत. मी देणार नाही. वाढीच्या वयात कॅल्शियम-फॉस्फरसचा मेळ थोडा चुकला तरी पाय वाकतात, आणि घरगुती तराजूवर तो मेळ रोजच्या रोज साधण्याइतका भरवसा मला माझ्या हातावर नाही. दूध तुटलं की पिल्लांसाठीचं तयार खाद्य, सोबत उकडलेलं अंडं आणि शिजवलेली बिनहाडाची कोंबडी. वर्षाची झाली की बघू. ज्यांनी पिल्लू सांगून ठेवलंय त्यांनी दूध तुटल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांच्या खाद्याची तजवीज आधी करावी, मगच न्यायला यावं.