म्हाताऱ्या माणसांना रिकाम्या हाती परत न पाठवणारं रेशन दुकान : 5 पैकी 4 स्टार

दुकानदारदादांनीच नाव टाकू नको म्हणून सांगितलंय, त्यामुळे नाव टाकत नाही, पण ज्यांच्या घरात वयस्कर माणूस आहे त्यांनी हे वाचाच.

माझी मावशी एकटी राहते, सत्तरी ओलांडलीय, अंत्योदयचं (सगळ्यात गरीब कुटुंबांना मिळणारं) रेशन कार्ड आहे म्हणजे घरात माणूस एक असलं तरी महिन्याला 35 किलो धान्य मिळतं आणि जानेवारी 2023 पासून तेही फुकट. तिचं सगळं यावरच चालतं. पण आयुष्यभर खुरपणी आणि लोकांची धुणीभांडी, बोटांवरच्या रेषाच झिजून गेल्यात, मशीनवर थम (अंगठ्याचा ठसा) काही लागत नाही. आधीच्या दुकानात थम लागला नाही की "मॅच होत नाय आजी, उद्या या" एवढंच, आणि ती बिचारी गुडघे दुखत असताना रिकामी पिशवी घेऊन परत यायची. इतका राग यायचा ना.

मग वन नेशन वन रेशन कार्डमुळे कुठल्याही दुकानातून धान्य घेता येतं हे कळलं आणि तिला या दुकानात आणलं. इथे दादा आधी बसायला खुर्ची देतात, ओल्या फडक्याने बोट पुसतात, कोरडं करतात, "मावशी जोरात दाबू नका, हलकं ठेवा" म्हणतात आणि अंगठा नाही लागला तर एकेक करून बाकीची बोटं. तरी नाही झालं तर डोळे स्कॅन, ते नाही तर आधारला लिंक असलेल्या मोबाईलवर ओटीपी. मावशीचं डोळ्यांवर होतं. थम लागला नाही एवढ्यावरून धान्य नाकारायचं नाही असं केंद्र सरकारने 2017 मध्येच राज्यांना कळवलंय, म्हणजे दादा काही उपकार करत नाहीत हे खरं, पण नियम पाळणारा भेटणं हेच केवढं मोठं आहे!

काटा आपल्याकडे तोंड करून ठेवलेला असतो, पावती वाचून दाखवतात, आणि 35 किलो म्हातारीने उचलायचे कसे म्हणून छोट्या पिशव्यांत भरून ओळखीच्या रिक्षात ठेवून देतात.

केवायसीचंही, म्हणजे कार्डावरच्या माणसांची आधारने ओळख पटवायची असते त्याचंही तसंच. शेजारचे काका अर्धांगवायूने अंथरुणावर, दुकानात आणणार कसे? दादांनी त्यांच्या नातवाच्या फोनमध्ये मेरा ई-केवायसी आणि आधार फेस आरडी ही दोन्ही अ‍ॅप टाकून दिली, नातवाने घरी खिडकीजवळ उजेडात फोन धरला, काकांनी डोळ्यांची उघडझाप केली आणि झालं की काम. फक्त ओटीपी आधारला लिंक असलेल्या नंबरवर येतो आणि म्हाताऱ्यांचं ते सिम बऱ्याचदा कधीच बंद पडलेलं असतं, म्हणून आधी आधार सेंटरला जाऊन नंबर बदलून घ्या. अंथरुणावरच्या माणसाच्या वतीने दुसऱ्याने धान्य न्यायची नॉमिनीची सोय पण असते, दुकानात विचारा.

एक स्टार कापला कारण माल आला की पहिल्या आठवड्यात तुफान गर्दी, रांग उन्हात, वर शेड नाही, आणि दुकानाच्या पायऱ्यांना कठडा नाही, मावशीला दरवेळी धरून चढवावं लागतं. दादा, सकाळचा एक तास फक्त वयस्करांसाठी ठेवा ना, खरंच खूप फरक पडेल.

आणि हो, साठीच्या पुढचं माणूस घरातलं कर्तं असेल आणि कमाईचा काही भरवशाचा आधार नसेल तर ते कुटुंब अंत्योदयच्या निकषात बसतं, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज देऊन पोच घ्या. आणि कुठल्या दुकानात थमवरून परत पाठवलं तर तिथूनच रेशनच्या हेल्पलाइनला, 1967 ला फोन लावा, तक्रारीचा नंबर लिहून घ्या.