व्हिक्टोरियन कुत्र्याचा ‘चांदीचा’ पट्टा घेताय? आधी हे वाचा

लंडनमध्ये जुन्या वस्तू जमवणाऱ्या मराठी मंडळींसाठी मुद्दाम लिहिते आहे. इथल्या एका जुन्या बाजारात एका विक्रेत्याने मला ‘१८५२ सालचा चांदीचा’ पट्टा २४० पौंडांना विकला. त्यावर एका पबचं नाव आणि ‘कुत्र्यांच्या झुंजीतला विजेता’ असं इंग्रजीत कोरलेलं होतं.

माणूस बोलायला गोड, आणि सांगत होता ते बरंचसं खरं होतं. कामगारांच्या पबांत तेव्हा उंदीर मारण्याच्या पैजा लागत. १८४८ साली जिमी शॉच्या पबमध्ये टायनी नावाच्या जेमतेम अडीच किलोच्या टेरिअरने तासाभराच्या आत २०० उंदीर मारले. त्याच्या गळ्याला बाईमाणसाचं ब्रेसलेट पट्टा म्हणून पुरायचं. कवयित्री एलिझाबेथ बॅरेटचा फ्लश कुत्रेचोरांनी पळवला आणि १८४६ मध्ये तिने सहा गिनी मोजून तो सोडवला, हेही त्याने रंगवून सांगितलं. या खऱ्या गोष्टींच्या आडूनच खोटा माल खपवला जातो. संताप येतो तो याचा.

आता पट्टा बघा. कुत्र्यांच्या झुंजींवर इंग्लंडमध्ये १८३५ सालीच कायद्याने बंदी आली. झुंजी चोरून होतच राहिल्या, पण पबवाला आपल्या नावासकट गुन्हा चांदीवर कशाला कोरून ठेवेल? उंदरांच्या पैजा मात्र उघड चालत. शिवाय त्या काळच्या लंडनच्या चांदीवर चालता सिंह, बिबट्याचं तोंड, वर्षाचं अक्षर आणि कर भरल्याची खूण म्हणून राणीचं मस्तक असायचं. याच्या आतल्या बाजूला भिंगातून घासून पुसट केलेली ‘ईपीएनएस’ अक्षरं दिसली. म्हणजे जर्मन सिल्व्हर या चांदी नसलेल्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा!

पैसे परत मागितले तर त्याने बिलाकडे बोट दाखवलं. त्यावर फक्त ‘जुना पट्टा’. साल नाही, धातू नाही. तोंडी सांगितलेलं सगळं त्याने सरळ नाकारलं. मशीन बिघडलंय म्हणत पैसेही रोखच घेतले होते.

इथल्या २०१५ च्या ग्राहक कायद्यानुसार व्यापाऱ्याचा माल वर्णनाशी जुळला नाही तर ३० दिवसांत परत करून पूर्ण पैसे मागता येतात. वर्णन तोंडी असलं तरी चालतं, पण ते सिद्ध करायला कागदावर हवं. बिलावर साल आणि धातू लिहून घ्या, क्रेडिट कार्डानेच पैसे द्या, आणि लिहायला का-कू केली तर तिथून निघा. तसलेच आणखी दोन पट्टे त्याच्या टेबलावर होते. सालं वेगळी, कोरीव अक्षरांचं वळण एकच.