नागपूरच्या ‘पागलखान्या’चे जुने अहवाल घरबसल्या वाचले: स्कॉटलंडच्या ग्रंथालयाच्या मोफत सेवेबद्दल

ऑटोवाल्याला ‘पागलखाना चौक’ म्हटलं की आजही तो बरोबर मानकापूरच्या बाजूला आणून सोडतो. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची स्थापना १८६४ ची. आमच्या लहानपणी घरोघरी पोट्ट्यांना त्याच नावाची भीती घालत. माझ्यासाठी त्या नावात आणखी एक गोष्ट होती. आजोबांची एक बहीण कधीतरी ‘तिकडे’ गेली आणि परत आली नाही. कुठे, कधी, कशासाठी, हे घरात कोणी बोलत नसे. भिंतीवरच्या फोटोंतही ती नाही.

मी एकतीस वर्षं एका सरकारी दवाखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये काम केलं. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा ठरवलं, कागद कुठेतरी असतीलच. भाचीने एक संकेतस्थळ उघडून दिलं. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश भारताच्या वैद्यकीय इतिहासाचे छापील सरकारी अहवाल स्कॅन करून ठेवले आहेत. हे काम वेलकम ट्रस्ट या ब्रिटनमधल्या, आरोग्य-संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या संस्थेच्या मदतीने झालं. त्यात मध्य प्रांताच्या ‘लुनॅटिक असायलम’चे, म्हणजे तेव्हाच्या वेड्यांच्या इस्पितळांचे, वार्षिक अहवाल आहेत: नागपूर आणि जबलपूर. पैसे लागत नाहीत. पान पडद्यावर वाचता येतं आणि उतरवूनही घेता येतं.

पहिल्या दिवशी काहीच सापडलं नाही. मी ‘नागपूर’ आजच्या स्पेलिंगने शोधत होते. भाची म्हणाली, “मावशी, शेवटी ओ-आर-ई टाकून पाहा नं.” टाकलं, आणि पानांवर पानं उघडायला लागली. जबलपूरचंही तसंच, जुनं स्पेलिंग वेगळंच आहे. ही सूचना संकेतस्थळाने ठळकपणे द्यायला हवी होती. चित्रावरून यंत्राने ओळखलेला मजकूर सोबत असतो, पण त्यावर विसंबू नका. साध्या परिच्छेदांत तो बरा आहे. तक्त्यांत मात्र तीनचा आठ होतो आणि रकाने एकमेकांत मिसळतात. आकडा घ्यायचा तर मूळ पानाच्या चित्रावरूनच घ्या. आणि सगळं इंग्रजीत आहे, मराठीचा पत्ता नाही. माझ्यासारख्या फायलींच्या इंग्रजीवर आयुष्य काढलेल्या माणसाला ते जमतं. सगळ्यांना जमेल असं नाही.

पण आतला ऐवज विलक्षण आहे. वर्षाच्या सुरुवातीला किती जण होते, नवे किती आले, बरे किती झाले, मेले किती, माणशी खर्च किती, रुग्णांच्या कामातून उत्पन्न किती, धर्म कोणता, व्यवसाय काय. मला खिळवून ठेवलं ते ‘वेडाचं कारण’ या तक्त्याने. त्यात गांजाची ओळ आहे, दारूची आहे, दुःखाची आहे. आणि ‘अज्ञात’ ही ओळ वर्षामागून वर्षं येतच राहते.

ही कारणं ठरवत कोण असे? १८५८ च्या कायद्याप्रमाणे रस्त्यात भटकणाऱ्या, वेडसर वाटणाऱ्या माणसाला पोलिस धरून दंडाधिकाऱ्यापुढे नेत. डॉक्टरचा दाखला झाला की त्याची रवानगी असायलममध्ये होई. माणसाबरोबर पोलिसांनी भरलेला माहितीचा कागद येई, आणि त्यावरचं कारण पुष्कळदा जसंच्या तसं नोंदवहीत उतरे. याचा पुरावाही याच संकेतस्थळावर आहे. १८९३ मध्ये सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला, त्याच्या अहवालाचे सात खंड इथे वाचता येतात. आयोगाने १८९२ सालच्या, गांजामुळे वेड लागलं म्हणून नोंदलेल्या रुग्णांची एकेक प्रकरणं पुन्हा तपासली. निम्म्याहून जास्त प्रकरणांत ते कारण टिकलं नाही.

वाचताना माझा हात थांबला. रिकामा रकाना वरच्या साहेबाला चालत नाही, हे मला ठाऊक आहे. संध्याकाळी साडेपाचला, घरी जायच्या घाईत, आम्हीही ‘कारण’ भरलेलं आहे. माझ्यासारख्याच कोणा कारकुनाच्या अक्षरावरून पुढे हे तक्ते छापले गेले, आणि त्यांवरून सरकारने माणसांबद्दल मत बनवलं.

मला थांबवणारा दुसरा शब्द ‘फ्रेंड्स’. सुटका झालेल्यांत काही जण ‘फ्रेंड्सच्या हवाली’ केलेले दिसतात. त्या काळच्या इंग्रजीत या शब्दात नातेवाईकही येत. म्हणजे बाप, भाऊ, मुलगा घ्यायला आले. मी कितीतरी वेळ फक्त तोच रकाना पाहत बसले. आमच्या घरातून कोणी गेलं नव्हतं.

माझ्या मूळ शोधाबद्दल स्पष्ट सांगते, म्हणजे कोणी खोटी आशा धरून बसू नये. या छापील अहवालांत नातलगाचं नाव शोधू नका. रुग्ण इथे बहुतेक आकड्यांतच आहेत. डॉक्टरांची आणि अधिकाऱ्यांची नावं मात्र मिळतात. आजोबांची बहीण मला सापडली नाही. तरी एका संध्याकाळी तक्ता उघडून बायकांचा आकडा आईला वाचून दाखवला. आई चौऱ्याऐंशीची आहे. थोडा वेळ गप्प राहून तिने आत्याबाईंचं नाव घेतलं. मी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

एक विनंतीही करते. अहवाल वाचून कोणी मोबाइल घेऊन चौकातल्या फाटकापाशी ‘भुताटकी’चे व्हिडिओ काढायला जाऊ नका. तिथे आज माणसं उपचार घेतात. ‘असायलम’ हा शब्द सरकारी कागदांतून १९२० च्या दशकात गेला, वेडाबद्दलचा १९१२ चा लुनसी कायदा १९८७ च्या कायद्याने गेला, आणि २०१७ पासून रुग्णाचे हक्क कायद्यात लिहिलेले आहेत. इतिहास पाहायचा तर तो कागदावर भरपूर आहे.

सेवेला मी पाचपैकी चार देते. एक गुण त्या तक्त्यांच्या यंत्रमजकुराचा कापला. सुरुवात करायची असेल तर आधी कुठल्याही एका वर्षाचा अहवाल घेऊन शेवटचे तक्ते पाहा, मग सुरुवातीचं निवेदन वाचा. निवेदनात अधिकारी स्वतःची बाजू मांडतो, तक्ते आधी पाहिलेले असले की त्याने काय गाळलं ते कळतं. अख्खा अहवाल छापू नका. मी सीताबर्डीच्या झेरॉक्सवाल्याकडून फक्त तक्त्यांची पानं मोठ्या कागदावर काढून घेतली, कारण साध्या कागदावर शेवटचा रकाना वाचता येत नाही.