दिव्यांग प्रौढांसाठी पोहण्याचे फ्लोट: पट्टा, जॅकेट की कॉलर?

फ्लोट निवडताना वजन नंतर विचारा. आधी दोन गोष्टी पाहा: माणसाला स्वतःची मान धरता येते का, आणि पाण्यात पालथं झाल्यावर स्वतःहून उताणं होता येतं का. दोन्हींचं उत्तर हो असेल तर बहुतेक साधनं चालतात. एकाचंही नाही असेल तर अर्धीअधिक तिथेच बाद होतात. डोकं पाण्यावर ठेवायला बहुतेक प्रौढांना चार-पाच किलोची उचल पुरते. म्हणून फ्लोट किती उचलतो यापेक्षा तो अंगावर कुठे बसतो, हे जास्त महत्त्वाचं.

कमरेचा फोमचा पट्टा हात मोकळे ठेवतो, पण मानेला काहीच आधार देत नाही. फोम पाठीकडे असेल तर अंग पुढे, तोंडावर कलतं. पोटाकडे असेल तर मागे, उताणं. मान न धरणाऱ्याला पाठीकडच्या फोमचा पट्टा कधीच बांधू नका. पाय लुळे पडून बारीक झाले असतील तर ते आधीच तरंगतात. त्यात कमरेला आणखी उचल दिली की पाय वर, डोकं खाली होतं आणि उभं राहणं जमत नाही. अशांना उचल छातीला हवी. ताठर पाय मात्र बुडतात. तिथे पट्टा खरा उपयोगी.

पट्टा घ्यायचाच तर सुटे ठोकळे ओवलेला घ्या. अर्धांगवायूत अंग सहसा बाधित बाजूला वळतं, एक पाय नसेल तर शाबूत पायाच्या बाजूला. ठोकळे त्या जड बाजूला सरकवले की वळणं कमी होतं, आणि तोल जमू लागला की एकेक ठोकळा काढता येतो. एकसंध पट्ट्यात ही सोय नाही.

जॅकेटवरचा आकडा नीट वाचा. आयएसओ १२४०२ या मानकात ५०, १००, १५० आणि २७५ न्यूटन अशा पातळ्या आहेत (१० न्यूटन म्हणजे साधारण एक किलोची उचल). ५०चं जॅकेट सुटसुटीत असतं, ते घालून पोहताही येतं. पण ते पालथ्या माणसाला उताणं करत नाही. ते पोहता येणाऱ्यासाठी, आणि मदत जवळ असतानाच. १०० आणि वरची जॅकेट्स उताणं वळवण्यासाठी बनवलेली असतात. मात्र छातीवरचा जाड फोम हात पुढे आणू देत नाही, आणि एक बाजू ताठर असलेलं अंग ती वळवतीलच असं नाही. पाणी लागताच आपोआप फुगणारं जॅकेट तलावासाठी निरुपयोगी. उतरल्या क्षणी फुगून बसतं. मांड्यांमधून जाणारा पट्टा नसलेलं जॅकेट घेऊ नका. बसल्या जागी खांद्यांपाशी धरून वर ओढा. कानांपर्यंत चढलं तर पाण्यात ते तोंडावर येणार.

मान धरता येत नसेल तर कॉलरचा विचार करा, पण एकट्या कॉलरचा नाही. फक्त कॉलर बांधली की कंबर खाली जाते आणि सगळं अंग मानेला लोंबकळतं. कॉलरसोबत कमरेखाली आणि गुडघ्यांखाली वेगळे फ्लोट लागतातच. कॉलर आणि गळा यांत दोन बोटं सहज जावीत, गिळताना अडू नये. कान पाण्यात असल्याने हाका ऐकू येत नाहीत, तेव्हा स्पर्शाच्या खुणा आधी ठरवा. फुगवायच्या कॉलरपेक्षा फोमची बरी. हवेची एक झडप सुटली की डोकंच पाण्याखाली जातं. गळ्यात श्वासाची नळी असेल तर कॉलर नको, आणि पाण्यात उतरायचं की नाही हेच आधी डॉक्टरांना विचारा.

दंडावरचे फुगे प्रौढांना क्वचितच शोभतात. निखळलेल्या किंवा दुखऱ्या खांद्याला ते ओढ देतात. नूडल, म्हणजे फोमची लांब लवचीक कांडी, सरावाला छान, पण ती निसटते. तिला सुरक्षेचं साधन समजू नका.

साधनाशिवायचाही पर्याय आहे. जेम्स मॅकमिलन यांनी १९४९च्या सुमारास लंडनमध्ये सुरू केलेल्या हॅलिविक पद्धतीत फ्लोट वापरत नाहीत. एका माणसामागे एक मदतनीस असतो. फ्लोट बांधला की अंग वळणं आवरायला शिकताच येत नाही, हा त्यामागचा विचार. पोहणं शिकायचं असेल आणि मदतनीस मिळत असेल तर आमच्या मते हाच मार्ग उत्तम. फिट येत असतील तर फ्लोट असो वा नसो, कोणीतरी हाताच्या अंतरावर हवंच.

चाचणी मदतनिसांच्या छातीइतक्या पाण्यात घ्या: एक जण डोक्यापाशी, एक कमरेपाशी. पाच मिनिटं उताणं ठेवा. मग हात खाली तसेच ठेवून आधार सोडा, खोकायला, हसायला, मान वळवायला सांगा. मान वळवताच अंग फिरलं तर फ्लोटची जागा बदला. बाहेर आल्यावर पट्ट्यांखालची त्वचा पाहा, विशेषतः जिथे संवेदना नाही तिथे. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर ते माप नको. स्टोमा (मल-मूत्र बाहेर काढायला पोटावर केलेलं छिद्र) किंवा पोटातली नळी पट्ट्याखाली येता कामा नये. बकल मदतनिसाला एका हाताने सुटलं पाहिजे. ओल्या वेल्क्रोत धागे अडकले की त्याची पकड जाते.

वापरानंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. दाबून ठेवलेला फोम हळूहळू चपटा होतो आणि उचल घटते. ७० किलोवरच्या माणसासाठीच्या ५०च्या जॅकेटला ५ किलोचं लोखंडी वजन बांधून पाण्यात सोडा. बुडालं तर ते वापरातून काढा.